सर्व बटणे बंद

१

शरच्चंद्र धुरंधरांचं प्रेत पवई तलावातल्या जलपर्णीत अडकलेलं सापडलं. मार्च महिन्यातला रविवार होता, साल चौऱ्याऐंशी. मी पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. काठावर दहाबारा माणसं जमली होती आणि त्यातला एकही जण दुसऱ्याशी बोलत नव्हता. मला तेच आधी खटकलं. माणूस असा अचानक गेला की लोक हळहळतात, कुजबुजतात. इथे सगळे एकमेकांवर नजर ठेवून गप्प उभे होते.

मी, बळवंत जगदाळे, तेव्हा सब-इन्स्पेक्टर होतो. मूळचा साताऱ्याकडचा. विहिरीत पोहलेला, पण बोटीत कधी पाय न ठेवलेला.

धुरंधर हे ‘रविवार गळ मंडळा’चे चिटणीस. हौशी माणसांचं मंडळ. रविवार उजाडला की गळ टाकून बसायचं, दुसरा उद्योग नाही. तलावाकाठी त्यांची एक कौलारू बंगली होती, लाकडी धक्का होता, वल्ह्याची एक होडी होती आणि ‘टिटवी’ नावाची मोटरबोट होती. ही बोट अमेरिकन बनावटीची. कुणा परदेशी कप्तानाने देश सोडताना मंडळाला देऊन टाकलेली. सकाळी साडेसातला टिटवी तलावाच्या मध्यावर रिकामी तरंगताना दिसली आणि मग शोधाशोध सुरू झाली.

धुरंधरांच्या डोक्यामागे खोल जखम होती. बोटीच्या नांगरावर रक्त होतं. तोल जाऊन नांगरावर आपटले आणि पाण्यात पडले, असं कुणीही म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. पण मग मी बोटीत चढून सुकाणूसमोरची पाटी बघितली.

पाटीवर चार गोल डायल होते. खाली एका ओळीत सहा खटके, आणि उजव्या टोकाला चावीचं भोक. खटक्यांखालची इंग्रजी अक्षरं ऊन-पाण्याने पार पुसली गेली होती. चावी जागेवर नव्हती. सहाच्या सहा खटके वर होते. डायलचे काटे डावीकडे टेकून निपचित पडले होते.

मी हवालदार सीतारामला पंचनाम्यात लिहायला सांगितलं, “चावी नाही. सर्व बटणे बंद. सर्व काटे डावीकडे.”

“साहेब, मग अपघात कसा?” सीताराम लिहिता लिहिता थांबला. “पाण्यात पडणारा माणूस चावी काढून, बटणं बंद करून पडतो होय?”

तोच प्रश्न माझ्याही डोक्यात होता. धुरंधर पडल्यावर त्या बोटीत दुसरं कुणीतरी होतं. आणि त्या कुणीतरी, घाई न करता, बोट व्यवस्थित बंद केली होती.

२

मंडळाच्या व्हरांड्यात मी एकेकाला बोलावलं.

पहिला रखवालदार धोंडिराम. साठीचा, हडकुळा. बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या बुटांकडे बघत होता.

“धुरंधरसाहेब पावणेसहाला आले. अंधारच होता. टाकी रिकामी हाय म्हनाले. मी भांडारातून डबे दिले, त्यांनी स्वतः पेट्रोल ओतलं. मग मी स्टो पेटवायला आत गेलो. सहाच्या सुमाराला इंजिनाचा आवाज आला.”

“बरोबर कोण होतं?”

“मी स्टोपाशी होतो साहेब.”

“बोट चालवतं कोण? फक्त तेच?”

“ते आन् काशीराम. दोघंच. दोन चाव्या, एक साहेबांकडं, एक काशीरामकडं.”

“मग काशीराम कुठाय?”

धोंडिराम आणखी खाली बघू लागला. मी आवाज चढवल्यावर बाहेर आलं. काशीराम परब, बोटवाला, कणकवलीकडचा. आदल्या दिवशी त्याने शिमग्याला गावी जायची रजा मागितली होती. धुरंधर म्हणाले, गेलास तर परत येऊ नकोस. काशीराम सगळ्यांसमोर ओरडला होता, “बघून घेईन.”

दुसरे चंद्रप्रकाश रेळे. पंचेचाळिशीचे, उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, पँट मात्र मांडीपर्यंत ओली. गळ टाकायला पाण्यात उतरावं लागतं, म्हणाले. त्यांच्या डोक्यावरच भिंतीला त्यांचा फोटो होता. दोन हातांत न मावणारा कटला मासा धरलेला, खाली लिहिलेलं, ‘साडेएकवीस किलो, मंडळाचा विक्रम’. शेजारी काचेच्या कपाटात चांदीचा कप. दोनच आठवड्यांपूर्वीची गोष्ट.

“मी पावणेसातला इथे व्हरांड्यात आलो,” रेळे म्हणाले. “चौघांनी चहा घेतला. साडेसातला बोट वाहत चाललेली दिसली. धोंडिरामने होडी वल्हवली, मी टिटवीवर चढलो. हाका मारल्या. मग आधी डायल बघितले. मोटरबोटी मला नव्या नाहीत, इन्स्पेक्टर. गोव्याला मी पुष्कळ चालवल्यात.”

“काय दिसलं?”

“चावी कुणीतरी काढून नेली होती. पेट्रोल पाऊण टाकी. आणि इंजिनाच्या तापाचा काटा दीडशेपाशी. म्हणजे इंजिन बंद होऊन फार तर दहा-पंधरा मिनिटं झाली असणार. मी धोंडिरामला तेव्हाच ओरडून सांगितलं.”

“व्हय,” धोंडिराम दारातून म्हणाला. “पाऊन टाकी, दीडशे, असंच म्हनाले.”

मी हिशेब मांडला. इंजिन सव्वासातला बंद झालं. त्या वेळी रेळे आणि तिघे सभासद व्हरांड्यात, एकमेकांसमोर. धोंडिराम त्यांना चहा देत होता. उरला एकच माणूस.

पायरीशी एक कोळीण मासे साफ करत बसली होती. सरूबाई तिचं नाव. सभासदांनी धरलेले मासे तीच कापून द्यायची.

“तू काय बघितलंस गं बाई?”

“मना नको विचारू,” तिने कोयता पाण्यात बुडवला. “मी सातला आली. मना काय म्हाईत नाय.” तिने अर्धवट साफ केलेला मासा तसाच पाटीत टाकला, पाटी डोक्यावर घेतली आणि निघूनही गेली. मी विचारल्यावर इतक्या घाईने कुणाला निघताना मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात सीताराम ओरडला. पलीकडच्या काठाने एक माणूस चालत येत होता. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. काशीराम परब.

त्याच्या खिशात टिटवीची चावी निघाली.

३

काशीरामचं म्हणणं साधं होतं. तो सव्वासहाला आला, बोट जागेवर नव्हती. आपल्याला वगळून साहेब बोट घेऊन गेले, म्हणजे नोकरी गेलीच असं त्याला वाटलं. रागाने तो काठाकाठाने चालत सुटला. पाय भिजले ते चिखलात. त्याला कुणी बघितलं नव्हतं.

“साहेबांनू, मी बोटीत गेलंयच नाय,” तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

“बोट लावल्यावर तू काय करतोस?”

“चावी काढतंय, बटणां बंद करतंय. रोजच्या रोज.”

“आजही तसंच केलं होतंस.”

मी त्याला कोठडीत टाकलं.

खटला उभा राहिला होता, एक कोपरा सोडून. वरिष्ठांना माहितगाराचं लेखी मत हवं होतं, की डायलवर दीडशे म्हणजे इंजिन नुकतं बंद झालं होतं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये लाँचचे, ट्रकचे, जनरेटरचे मीटर दुरुस्त होतात, असं कुणीतरी सांगितलं. मंगळवारी दुपारी मी तिथे गेलो.

मालकाने आत हाक मारली, “प्रेमाताई!” आणि एक बाई हात पुसत बाहेर आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा. प्रेमा नाईकधुरे. बावीस वर्षं डायलला काटे बसवणं आणि ते खरं बोलतात की नाही हे तपासणं, हे त्यांचं काम.

मी मालकाला म्हणालो, “कुणी इंजिनियर नाही का?”

“इंजिनियर आहे. पण तोही यांनाच विचारतो.”

मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी विचारलं, “चावी नव्हती म्हणता?”

“नव्हती.”

“आणि काटा दीडशेवर होता?”

“रेळेंनी स्वतः पाहिला.”

“तुम्ही पाहिलात तेव्हा?”

“मी नऊला पाहिलं. काटे डावीकडे पडले होते. तोवर इंजिन थंड झालं असणार.”

“आणि पेट्रोलचा काटा? तोपण पडलेला?”

“हो.”

“मग पेट्रोल काय, तासाभरात थंड होऊन संपलं?” त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “असं कागदावर नाही लिहून देणार मी. बोट दाखवा.”

४

जीपमध्ये त्या मांडीवर पिशवी घेऊन बसल्या. पिशवीत पक्कड, एक छोटा बल्ब लावलेला वायरीचा तुकडा आणि डबा. डब्यात दुपारची चपाती तशीच राहिलेली.

टिटवी धक्क्याला सील करून बांधलेली होती. रविवारपासून कुणी शिवलं नव्हतं. प्रेमाताईंनी चपला काढून बोटीत पाय टाकला, पाटीसमोर बसल्या आणि दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मी कंटाळून विचारलं, “एवढं काय बघता?”

“तुम्ही नवीन माणसाकडे बघत नाही आधी?”

मग त्यांनी एकेका डायलवर बोट ठेवलं. “हा इंजिन मिनिटाला किती फिरतं ते सांगतो. हा ऑइलचा दाब. हा पडला की इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, नाहीतर वाट लागली. हा ताप. अमेरिकन आहे, म्हणून आकडे मोठे. दीडशे म्हणजे चांगलं तापलेलं, पण नेहमीचं. आणि हे पेट्रोल.” मग त्या पाटीखाली वाकल्या आणि बल्ब लावून वायरी चाचपू लागल्या. खालूनच बोलल्या, “सगळ्या वायरी चावीतून गेल्यात. डायल आणि खटके, दोन्ही. चावी बंद की पुढे काहीच नाही.”

“म्हणजे?”

“काशीरामची चावी आणलीत ना? द्या.”

मी दिली. त्यांनी ती भोकात घातली. “आता बघा हं. इंजिन सुरू नाही करत. नुसती एक घर फिरवते.”

चावी फिरली आणि मी दचकून मागे सरकलो.

बोटीच्या पोटात काहीतरी घरघरायला लागलं. मागच्या बाजूने पंख्याचा आवाज सुटला. बाजूच्या नळीतून पाण्याची धार तलावात पडू लागली. समोर लाल-हिरवा दिवा लागला, मागे पांढरा दिवा लागला, आणि काचेवरचा वायपर करकरत इकडून तिकडे फिरायला लागला. मेलेली बोट एकदम अंगात आल्यासारखी थरथरत होती.

“बंद करा!” मी ओरडलो. “पण बटणं तर सगळी बंद होती!”

प्रेमाताईंनी वर असलेला एक खटका खाली ओढला. वायपर थांबला.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “आपल्या घरात बटण खाली केलं की दिवा लागतो. या बोटवाल्यांच्या देशात वर केलं की लागतो. तुमच्या पंचनाम्यात लिहिलंय सर्व बटणे बंद. ती सर्व चालू होती.”

५

मी धक्क्याच्या फळीवर बसलो. त्या एकेक खटका खाली करत सांगत गेल्या. हा पंखा, पेट्रोलची वाफ बाहेर फेकायला. हा पंप, तळाचं पाणी उपसायला. हे दिवे. पंख्याचा आवाज बंद झाला, धार थांबली, दिवे विझले.

“कुठला बोटवाला बोट लावून जाताना हे सगळं चालू करून जाईल?” त्यांनी विचारलं. “काशीराम किती वर्षं चालवतोय?”

“सात.”

“मग त्याचा हात झोपेतसुद्धा खाली जाईल. ज्याने हे केलं, त्याला बोट बंद करायची होती. नीट, बोटवाल्यासारखी. तो घरातल्यासारखा बंद करायला गेला. चावी आधीच काढलेली, म्हणून काहीच चालू झालं नाही, आणि त्याला चूक कळली नाही.”

“म्हणजे ज्याला ही बोट चालवता येत नाही असा माणूस.” मी मान डोलावली. “पण ते तर काशीराम सोडून सगळेच. रेळे मात्र चालवतात. गोव्याला—”

“असं ते म्हणतात.” त्यांनी पेट्रोलच्या डायलवर नख वाजवलं. चावी अजून लागलेली होती. “वाचा.”

काटा पाऊण टाकीवर उभा होता. अगदी बरोबर पाऊण.

“रेळे खरंच बोलले की,” मी म्हणालो.

“खरंच बोलले. तीच तर गंमत आहे.” त्यांनी चावी फिरवून काढली. काटा क्षणभर रेंगाळला आणि डावीकडे येऊन पडला. तापाचाही तसाच. दाबाचाही. “काही डायलचे काटे चावी काढली तरी आहे तिथे राहतात. मला तेच बघायचं होतं. याचे नाही राहत. आता सांगा. साडेसातला चावी नव्हती, ते स्वतःच म्हणतात. मग त्यांनी पाऊण टाकी वाचली कुठून?”

रविवारी पावणेसहाला, अंधारात, धुरंधरांनी रिकाम्या टाकीत पेट्रोल ओतलं होतं. त्याआधी पाऊण टाकी हा आकडा कुणाला कळणं शक्य नव्हतं. त्यानंतर तो आकडा दिसणार फक्त चावी चालू असताना. आणि दीडशेचा ताप दिसणार फक्त इंजिन चालून तापल्यावर.

“तो त्या बोटीत होता,” मी म्हणालो. “धुरंधरांबरोबर. इंजिन चालू असताना.”

“आणि नंतर आकडे आठवणीने सांगितले, इंजिन उशिरा बंद झालं असं वाटावं म्हणून.”

“पण का? चहाच्या कपावरूनसुद्धा त्यांचं कधी वाजलं नव्हतं म्हणतात.”

“ते मला विचारू नका. मला काटे कळतात.”

मला माझ्यापुढून पाटी उचलून पळालेली बाई आठवली. जीप वळवून आम्ही कोळणींच्या बाजारात गेलो. सरूबाईने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. मग प्रेमाताई पुढे झाल्या. तिच्याजवळ उकिडव्या बसल्या, बोंबलाचा वाटा हातात घेऊन बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तिकडे एक माणूस कोठडीत आहे गं. बायको तीन दिवस चौकीच्या दारात बसलीय.”

सरूबाईने सुपातली माशी हाकलली.

“तो मोठा कटला मीच कापला,” ती म्हणाली. “बक्षिसाचा. पोटात शिशाचे गोळे होते. जाळ्याला लावतात तसले. मूठ मूठ भरून. तोंडातून आत ढकललेले. मी चिटणिसांना दावले. ते बोलले, सरू, कुणाला बोलू नको, मी त्याला एकट्याला सांगतो. माझा धंदा तिथं हाय दादा. मी कशाला बोलू?”

६

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी रेळेंना धक्क्यावर बोलावलं. कारण सांगितलं की बोट मंडळाच्या ताब्यात द्यायची आहे, जबाबदार सभासदाची सही हवी. ते आले. तसाच कडक इस्त्रीचा शर्ट. प्रेमाताई बोटीत मागच्या बाकावर पिशवी घेऊन बसल्या होत्या. रेळेंनी त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

पाटीवर चावी नव्हती. सहाही खटके खाली होते.

“सही करण्यापूर्वी बोट जरा नीट बंद करून द्या,” मी म्हणालो. “आमच्या लोकांनी तपासात काहीतरी इकडेतिकडे केलंय. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही जाणकार.”

“हं.” ते सुकाणूसमोर बसले. खटक्यांकडे एकदा बघितलं आणि जीभ चुकचुकली. “सगळी चालू ठेवलीत. बॅटरी उतरली असती.” आणि त्यांनी अंगठ्याने एकेक खटका वर केला. सहा वेळा टक् टक् आवाज झाला. “झालं. बंद.”

प्रेमाताई उठल्या. हात पुढे करून त्यांनी चावी भोकात घातली आणि एक घर फिरवली.

पंखा घरघरला, धार सुटली, दिवे लागले, वायपर रेळेंच्या तोंडासमोर करकरत फिरायला लागला. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच थांबले.

“ही... ही बटणं उलटी आहेत,” ते म्हणाले.

“उलटी नाहीत,” प्रेमाताई म्हणाल्या. “काशीरामला ठाऊक आहेत. धुरंधरांना ठाऊक होती. रविवारी ज्याने बोट बंद केली, त्याला नव्हती. त्याने अशीच केली होती. सहाच्या सहा वर.”

“कुणीही केली असेल. व्हरांड्यात मी—”

“व्हरांड्यात तुम्ही पावणेसातला आलात,” मी म्हणालो. “धुरंधर त्याआधीच पाण्यात पडले होते. आता एवढंच सांगा. चावी नसताना तुम्ही पाऊण टाकी कुठे बघितलीत?”

प्रेमाताईंनी चावी काढली. सगळे आवाज थांबले. चारही काटे डावीकडे येऊन पडले. रेळे त्या काट्यांकडे बघत होते. मी त्यांच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होतो. त्यांना समजलं तो क्षण मला दिसला. आधी डोळे बारीक झाले, मग खालचा ओठ सुटला.

“सरूबाईने शिशाचे गोळे ठेवलेत अजून,” मी म्हणालो. “जपून ठेवलेत.”

ते खाली बसले. हातातल्या रुमालाच्या घड्या घालू लागले.

“त्यांनी चांगुलपणानेच बोलावलं होतं,” ते म्हणाले. “पहाटे ये, तलावाच्या मध्यावर जाऊ, कुणी ऐकणार नाही. म्हणाले, कप परत कर, फोटो मी उतरवतो, वजनकाटा बिघडला होता असं सांगू. मी कप देतो म्हटलं. फोटो राहू दे म्हटलं. माझ्या मुलीने तो शाळेत नेऊन दाखवला होता, इन्स्पेक्टर. बाबांनी धरला म्हणून. ते म्हणाले, फोटो खोटा आहे, भिंतीवर राहणार नाही. त्यांनी तसं म्हणायला नको होतं. मी ढकललं. एकदाच ढकललं. ते नांगरावर पडले आणि तिथून पाण्यात. मी वाकून बघितलं, पण दिसेनात.”

“पाण्यात उतरला नाहीत?”

“मला पोहता येत नाही.”

“हाकाही मारली नाहीत.”

पुढचं त्यांनी खालमानेने सांगितलं. इंजिन चालूच होतं. सुकाणू फिरवत त्यांनी कशीबशी बोट काठाजवळ आणली. चावी काढून पाण्यात फेकली, काशीराम करायचा तसे खटके ‘बंद’ केले, मांडीइतक्या पाण्यात उतरून बोट आत ढकलली आणि चहाला येऊन बसले. समोर डायल होते. गोंधळलेल्या माणसाची नजर कुठेतरी ठरते, तशी ती त्या काट्यांवर ठरली होती. म्हणून आकडे लक्षात राहिले.

सीतारामने त्यांना जीपमध्ये बसवलं. प्रेमाताई चपला घालत होत्या.

“बाई, तुमचं लेखी मत—”

“उद्या पाठवते. आज शेडवर जाऊन चार मीटर द्यायचेत.” त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या. “तो बोटवाला आजच सुटेल ना? उद्या नाही, आजच.”

“आजच.”

संध्याकाळी मी स्वतः कोठडीचं दार उघडलं. काशीराम भिंतीला टेकून बसला होता. चार दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि डोळे आत गेले होते. मी त्याला सगळं सांगितलं. कोण होतं, कसं कळलं, बटणांवरून कसा उलगडा झाला. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी जरा उत्साहाने सांगतोय, आणि मी थांबलो.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पट्टा कमरेला बांधला, चपला पायात सरकवल्या. दारात आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

“साहेबांनू,” तो म्हणाला, “मरोळाक कित्याक गेलास? ती बटणां खयच्या बाजूक बंद होतत, ता तुमी माकाच इचारूक व्हया होता.”

बाहेर त्याची बायको बाकावरून उठली. तो तिच्याबरोबर रस्ता ओलांडून गेला. मी आत येऊन पंचनामा काढला आणि ‘सर्व बटणे बंद’ या तीन शब्दांकडे बघत बसलो. खाली माझीच सही होती.